उसना भाग आणि त्याचे मूल्य : जुन्या जीपला डिस्क-ब्रेक बसविण्याच्या क्रियेचा विचार

१

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने गॅरेजातील कामाविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विषयांतर वाटण्याचा संभव आहे. तथापि जामनेर व आसपासच्या परिसरात जुन्या जीपगाड्यांना भंगारातील भाग वापरून डिस्क-ब्रेक बसविण्याचे जे काम चालते, ते जवळून पाहिल्यावर ह्या विषयाची दखल दोन कारणांनी घ्यावीशी वाटली. पहिले कारण व्यावहारिक आहे. हे काम नीट झाले तर जुने वाहन अधिक सुरक्षित होते आणि अर्धवट झाले तर मूळच्यापेक्षा अधिक धोकादायक होते. दुसरे कारण आपल्या शास्त्राशी संबंधित आहे. फर्दिनां द सोस्यूर ह्यांची १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने शिकविताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, भाषेतील घटकाला स्वतःचे असे सुटे मूल्य नसते. व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेल्या संबंधांतून ते त्याला प्राप्त होते. एका गाडीतून काढलेला भाग दुसरीत बसविताना नेमक्या ह्याच तत्त्वाची कसोटी लागते. येथे चुकीचे उत्तर कागदावर राहत नाही, घाटात समोर येते.

प्रस्तुत लेखात प्रथम मूळ ब्रेकची रचना, नंतर परिवर्तनाची कृती आणि शेवटी त्या कामातील शब्दांचा एक प्रश्न, ह्या क्रमाने विवेचन केले आहे.

२

खानदेशात जुनी जीप ही हौसेची वस्तू होण्यापूर्वी दीर्घकाळ कामाची वस्तू होती. महिंद्र कंपनीची स्थापना १९४५ मध्ये झाली व स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत तिने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. पुढे जो नमुना सर्वत्र परिचित झाला तो सीजे-३बी. अमेरिकेत त्याचे उत्पादन १९५३ ते १९६८ असे झाले; भारतात ते त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालू होते. कपाशीची गाठोडी, केळीचे घड, लग्नाचे वऱ्हाड आणि निवडणुकीचा प्रचार ह्या सर्वांचा भार ह्या गाडीने वाहिला. आज ज्या घरांत ती उरली आहे तेथे ती बहुधा आजोबांची किंवा वडिलांची म्हणून उरली आहे.

ह्या जीपच्या चारही चाकांना मूळचे ड्रम-ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा पोकळ ड्रम आणि त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू, अशी ही रचना आहे. पायडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील द्रव नळ्यांतून चाकाजवळच्या छोट्या सिलिंडरांत जातो, तेथील दट्टे बाहेर सरकतात आणि शूवरील लायनर ड्रमला आतून घासतात. ह्या रचनेचा एक गुण विसरता कामा नये. चाकाच्या फिरण्याच्या दिशेने उघडणारा शू घर्षणामुळेच ड्रमकडे अधिक ओढला जातो. म्हणजे चाकाची गती स्वतःला थांबविण्याच्या कामी थोडी मदत करते. ह्यामुळे बूस्टरवाचूनही केवळ पायाच्या जोराने जीप थांबविता येत असे. पुढे भाग बदलताना अडचण उभी राहते ती नेमकी ह्या गुणाच्या अभावी.

३

ड्रमचा दोष उष्णतेत आहे. ब्रेक गती नाहीशी करीत नाही, तिचे उष्णतेत रूपांतर करतो. आणि ती उष्णता कोठेतरी जावी लागते. जामनेरहून पहूर गाठून छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, रस्त्याला लागले की फर्दापूरनंतर अजिंठ्याचा घाट लागतो. परतीच्या वाटेवर तो घाट उतरावा लागतो. माणसे व सामान धरून जीपचे वजन १,५०० किलो आणि उतरावयाची उंची २०० मीटर आहे असे उदाहरणापुरते मानू. इंजिनाची व वाऱ्याची मदत न घेता सर्व भार ब्रेकवर टाकला, तर ३,००,००० किलोग्रॅम-मीटर इतके कार्य उष्णतेत बदलावे लागेल. ही उष्णता सुमारे ७०० किलोकॅलरी होते. तेवढ्या उष्णतेने दहा लिटर पाणी उकळीस येईल. ती २५ किलो लोखंडातच साठून राहिली असे धरले, तर त्या लोखंडाचे तापमान सुमारे २५० अंश सेल्सियसने वाढेल.

प्रत्यक्षात काही उष्णता वाटेत निघून जाते हे खरे. पण ड्रमचा पृष्ठभाग आतून झाकलेला असल्याने ती सावकाश जाते. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते आणि चालकाला पायडल अधिकाधिक खोल जात असल्याचा अनुभव येतो. ओढ्यातून किंवा वाघूरच्या पाण्यातून गाडी काढली की दुसरा दोष दिसतो : ड्रममध्ये शिरलेले पाणी चटकन बाहेर पडत नाही व पुढील काही वेळ ब्रेक लागत नाही.

डिस्क-ब्रेकमध्ये ड्रमच्या जागी उघडी चकती असते व कॅलिपर नावाचा चिमटा दोन पॅडांनी तिला दोन्ही बाजूंनी धरतो. चकतीवर वारा खेळतो. ती तापून प्रसरण पावली तरी पॅडांपासून दूर जात नाही आणि तिच्यावरील पाणी फिरण्यानेच उडून जाते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर ह्यांनी तिचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. परंतु त्या काळी घर्षणासाठी तांब्यासारखा धातू वापरला जाई. तो कर्कश आवाज करी व लवकर झिजे. योग्य घर्षणद्रव्य व पुरेसा द्रवदाब उपलब्ध होईपर्यंत कल्पनेला थांबावे लागले. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क-ब्रेक लावलेल्या जॅग्वारने विजय मिळविला आणि १९५५ मध्ये फ्रान्समधील सित्रोएन डीएस ह्या मोठ्या संख्येने निघालेल्या गाडीवर पुढील चाकांना डिस्क आल्या. भाग तोच असूनही भोवतालची व्यवस्था सिद्ध होईपर्यंत त्याला मूल्य लाभले नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

४

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. परिवर्तन केवळ पुढील दोन चाकांचे करावे. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो व थांबविण्याचे अधिक काम पुढील चाकेच करतात. मागील ड्रम तसेच ठेवण्याने कार्यभाग साधतो. जीपचा हँडब्रेक मुळात मागील चाकांवर नसून ट्रान्सफर-केसमागील शाफ्टवर असतो, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही.

दाता म्हणून बहुधा मारुती जिप्सीची निवड होते. ह्याचे कारण मापांत आहे. जीपच्या चाकाचे पाच बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर आहे. जिप्सीचाही तेवढाच आहे. सैन्यातून व शासकीय खात्यांतून निकाली निघालेल्या जिप्सींचे भाग भंगार बाजारात आढळतात. महिंद्रच्याच नंतरच्या बोलेरोचे भागही वापरले जातात. मात्र बोल्टांचे वर्तुळ जुळले म्हणजे भाग जुळला असे नव्हे. दोन भाषांत एखादा ध्वनी सारखा ऐकू आला म्हणून दोन्हींच्या ध्वनिव्यवस्थेत त्याचे स्थान एकच असते असे आपण मानत नाही. तोच सावधपणा येथे हवा.

प्रत्यक्ष मोजावयाच्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत. डिस्कचे मधले छिद्र हबच्या कडेवर समकेंद्र बसले पाहिजे. केवळ बोल्टांच्या आधाराने ती मध्यावर ठेवणे योग्य नाही. छिद्र लहान असेल तर लेथवर वाढविता येते, मोठे असेल तर अचूक कडे बसवावे लागते. डिस्क बसविल्यावर डायल गेज लावून ती फिरवून पाहावी; तिची डगमग सर्वसाधारणपणे ०.१ मिलिमीटरच्या आत असावी. कॅलिपर रिमच्या आत मोकळा राहतो का, हे चाक बसवून हाताने फिरवून पाहावे, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवूनही पाहावे. कारण सरळ चाकाला पुरेशी वाटणारी नळी पूर्ण वळणावर ताणली जाते.

कॅलिपर धरणारी पट्टी हा ह्या कामातील सर्वांत जोखमीचा भाग होय. मूळ ब्रेकची पाठीमागची थाळी ज्या बोल्टांनी नकलला घट्ट असते, त्याच बोल्टांचा आधार घेऊन जाड पोलादी पट्टी कापून बसवावी. नकलला वेल्डिंग करू नये. त्या भागाचे पोलाद उष्णतेने ठिसूळ होऊ शकते आणि ते तुटले तर ब्रेकच नव्हे, चाकही हातचे जाते. बोल्ट उच्च ताणशक्तीचे, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ अशी खूण असलेले घ्यावेत. दुकानातील साधा बोल्ट दिसण्यात तसाच असतो. पहिल्या जोरदार ब्रेकला तो तसाच राहील असे नाही.

भंगारातील कोणता भाग घ्यावा व कोणता टाकावा ह्याचा नियम सोपा आहे. ओतीव धातू तपासून घ्यावा. रबर आणि घर्षणद्रव्य कधीही जुने घेऊ नये. कॅलिपरचे अंग भेगा नसल्यास चालते. त्यातील दट्ट्यावर गंजाचे खड्डे असतील तर दट्टा बदलावा, कारण त्या खड्ड्यांतून नवे रबरही झिरपते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. तिची जाडी त्याखाली असेल तर ती भंगारातच राहू द्यावी. पॅड, रबराचे संच व लवचिक नळ्या नव्याच असाव्यात. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. म्हणून जुना ड्रम उघडल्यावर आतील भुकटी हवेच्या नळीने उडविण्याची जी सवय गॅरेजांत दिसते ती सोडली पाहिजे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. तेथे काम करणारी मुले वर्षानुवर्षे ती भुकटी श्वासावाटे घेतात, आणि त्या आजाराची चिन्हे दिसावयास कित्येक दशके लागतात.

५

येथवरचे काम डोळ्यांना दिसते, म्हणून ते बहुधा नीट होते. ह्यापुढील काम संबंधांचे आहे. ते दिसत नाही आणि म्हणून सुटते.

आकड्यांनी पाहू. चालकाने पायडलवर ३० किलोचा जोर दिला व पायडलची तरफ सहापट आहे असे धरले, तर मास्टर सिलिंडरवर १८० किलोचा जोर येतो. सिलिंडरचा व्यास एक इंच असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५.०७ चौरस सेंटिमीटर, आणि द्रवातील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो होतो. कॅलिपरच्या दट्ट्याचा व्यास ५१ मिलिमीटर मानल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०.४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पॅडवर ७२० किलोंच्या आसपास जोर येतो. ड्रमच्या एक इंची चाक-सिलिंडरात हाच जोर १८० किलोच होता. चौपट जोर मिळाला असे वाटते. परंतु शूला चाकाच्या फिरण्यातून जी मदत मिळत असे ती डिस्कला मिळत नाही, पॅडचा घर्षणपृष्ठही लहान असतो आणि चकतीवर तो चाकाच्या मध्याच्या अधिक जवळ पकड घेतो. म्हणून चालकाला पायडल जड लागते व बूस्टरची गरज भासते.

मग मास्टर सिलिंडर लहान व्यासाचा घेऊन दाब का वाढवू नये? १९ मिलिमीटरच्या सिलिंडरने दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६३ किलो होईल. पण त्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. दोन्ही कॅलिपरांचे दट्टे अर्धा मिलिमीटर सरकावयास सुमारे २ घन सेंटिमीटर द्रव लागतो. तेवढ्यासाठी एक इंची सिलिंडरला पायडल सुमारे २४ मिलिमीटर खाली न्यावे लागते, १९ मिलिमीटरच्या सिलिंडरला सुमारे ४३. ह्यात मागील ड्रमांची गरज अजून धरलेली नाही. ती धरल्यावर पायडल फळीला टेकण्याची भीती असते. अशा रीतीने जोर आणि अंतर ही एकाच नाण्याची देवाणघेवाण आहे. एक वाढवावे तर दुसरे द्यावे लागते.

आणखी तीन संबंध असेच आहेत. पहिला, ड्रमसाठी बनविलेल्या मास्टर सिलिंडरात नळ्यांमध्ये थोडा दाब शिल्लक ठेवणारी झडप असते. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगांमुळे तो दाब निरुपद्रवी असतो. डिस्कच्या पॅडांना मागे ओढणारी स्प्रिंग नसल्याने तोच दाब पॅड चकतीला चिकटवून ठेवतो, आणि गाडी ब्रेक न लावताही तापते. म्हणून पुढील वाटेवरची ती झडप काढावी लागते. उलट जीपचा मूळ मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरच्या पातळीच्या आसपास असल्याने द्रव मागे उतरू नये यासाठी डिस्कला योग्य अशी हलक्या दाबाची झडप बसवावी लागते. दुसरा, पुढील चाकांची पकड बदलल्यावर मागील चाकांशी असलेले प्रमाण बदलते. ब्रेक दाबताच मागील चाके आधी अडकली तर गाडी आडवी फिरते. पुढील चाके किंचित आधी अडकावीत अशीच योजना हवी. तिसरा, बूस्टर चालतो तो इंजिनाच्या शोषणावर. पेट्रोल इंजिनात ते सहज मिळते. परंतु आपल्याकडील पुष्कळ जीपांत मागाहून डिझेल इंजिन बसविलेले आहे आणि त्यात ते पुरेसे नसते. तेथे निर्वात पंप जोडल्याशिवाय बूस्टर शोभेचा राहतो. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर एकाच मार्गाचा असतो, म्हणजे कोठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. एवढे काम काढलेच आहे तर पुढील व मागील चाकांना स्वतंत्र मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. सबंध परिवर्तनात जीव वाचविण्याच्या दृष्टीने डिस्कपेक्षाही हा भाग मोलाचा ठरू शकतो.

६

आता शब्दांकडे वळू. जामनेरचा परिसर तावडी बोलीचा. गॅरेजातील बोलणे तावडी, प्रमाण मराठी, हिंदी व इंग्रजी शब्द ह्यांच्या मिश्रणातून घडते. ‘ब्रेक’ला ‘गतिरोधक’ म्हणण्याची सोय आता उरलेली नाही, कारण तो शब्द रस्त्यावरील उंचवट्याने घेतला आहे. ‘लायनर’ हा शब्द ब्रेकच्या घर्षणद्रव्यालाही लागतो आणि इंजिनातील सिलिंडरच्या अस्तरालाही. पण संदर्भ इतका स्पष्ट असतो की घोटाळा होत नाही. ‘एअर काढणे’ म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतील हवेचे बुडबुडे घालविणे. ट्रकच्या ‘एअर ब्रेक’शी त्याचा संबंध नाही, हे प्रत्येक शिकाऊ मुलाला ठाऊक असते. ह्या शब्दांनी कोणाचे नुकसान झालेले नाही. अनेकार्थता हा दोष नव्हे, हे आपले शास्त्र सांगते व गॅरेज त्याला दुजोरा देते.

एका शब्दाच्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही. ब्रेकमधील द्रवाला सर्वत्र ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हा द्रव तेल नव्हे. डॉट ३ किंवा डॉट ४ ह्या खुणांचा हा द्रव ग्लायकॉल जातीच्या संयुगांचा असतो आणि ब्रेकमधील रबर त्यालाच अनुरूप असे बनविलेले असते. इंजिनाचे किंवा गिअरचे खनिज तेल त्या रबराला लागले की रबर फुगते व मऊ पडते. आमच्या घरच्या जीपला हे एकदा घडले. प्रवासात एका ठिकाणी ‘ब्रेकला ऑइल कमी आहे, टाका’ एवढेच सांगितले गेले, आणि हाताशी असलेल्या डब्यातील तेल टाकले गेले. सांगणाऱ्याचे व्याकरण चुकले नव्हते. टाकणाऱ्यानेही शब्दाचा अर्थ बरोबरच लावला होता. तीन-चार दिवसांनी ब्रेक सुटेनासा झाला, चाके तापू लागली आणि मग पायडल एकदम मऊ पडले. रस्ता सपाट होता म्हणून हा मजकूर लिहिता येत आहे. त्यानंतर मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतचे सर्व रबर टाकून नळ्या धुवाव्या लागल्या.

येथे सित्रोएनचे उदाहरण बोधप्रद आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या गाडीच्या ब्रेकमध्ये हिरव्या रंगाचे खनिज तेलच वापरले जाऊ लागले, आणि तेथील रबर त्या तेलाला अनुरूप होते. त्या गाडीत ग्लायकॉलचा द्रव घालणे हीच चूक ठरते. म्हणजे ‘तेल घातक’ असेही विधान निरपेक्षपणे करता येत नाही. घातक काय हे व्यवस्था ठरविते. शब्दाकडून अपेक्षा एवढीच की, हाताने जो भेद पाळावयाचा तो त्याने झाकू नये. ‘लायनर’ तो झाकत नाही, ‘ऑइल’ झाकते. ‘ब्रेकचा द्रव’ किंवा नुसते ‘डॉट तीन’, ‘डॉट चार’ असे म्हणण्याची सवय काही तरुण कारागिरांत दिसते. ती रूढ होणे इष्ट आहे. हा द्रव हवेतील ओलावा शोषतो व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. नव्या डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, ओलावा शोषल्यावर १४० अंश. डॉट ४ चे हेच आकडे २३० व १५५. घाटात द्रव उकळून नळीत वाफ झाली तर पायडल केवळ वाफ दाबते. म्हणून उघडी बाटली महिनोन् महिने ठेवून वापरू नये व दोन वर्षांत एकदा द्रव बदलावा.

७

काम पुरे झाल्यावर गाडी सरळ रस्त्यावर नेऊ नये. प्रथम जागेवर पायडल जोराने दाबून अर्धा मिनिट धरावे. ते खाली सरकू लागले तर कोठेतरी गळती आहे. नंतर मोकळ्या मैदानात अल्प वेगाने, मग क्रमाने वाढत्या वेगाने थांबवून पाहावे. गाडी कोणत्या बाजूला ओढते व कोणती चाके आधी अडकतात हे बाहेर उभे राहून दुसऱ्याने पाहावे. घाटाची परीक्षा शेवटी, आणि तीही खालच्या गिअरमध्ये.

कायद्याची बाजूही नजरेआड करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ह्या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांतही वाहन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी जळगावच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणे श्रेयस्कर. काढलेले मूळ ड्रम, शू व सिलिंडर तेल लावून जपून ठेवावेत. पुढे कोणास गाडी पूर्वरूपात आणावयाची झाली तर ते उपयोगी पडतील.

तात्पर्य, डिस्क बसविणे म्हणजे ड्रम काढून चकती लावणे नव्हे. मास्टर सिलिंडर, झडप, बूस्टर, मागील ड्रम, द्रव व रबर ह्या प्रत्येकाशी उसन्या भागाचा नवा संबंध जोडणे म्हणजे हे परिवर्तन होय. जिप्सीत जो कॅलिपर निर्दोष होता तो जीपमध्ये निर्दोष असेलच असे नाही, आणि नसल्यास दोष कॅलिपरचा नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी शक्य झाल्यास अशा एखाद्या गॅरेजात दोन दिवस बसावे. वर्गात ‘मूल्य’ ही संज्ञा शिकविताना आम्ही बुद्धिबळाच्या पटाचा दाखला देतो. पटावरील चूक पुढच्या डावात सुधारता येते; येथे ती संधी मिळेलच असे नाही, आणि म्हणूनच हा दाखला अधिक काळ लक्षात राहील असे वाटते.